लोणी काढलेलं पाणी

धरणात गाव गेलं, तेव्हा आमच्याबरोबर दोन म्हशी, एक जातं आणि ठकूआत्या एवढंच आलं. निरगुडसरच्या बाजूला बदली जमीन मिळाली, पण कोरडी. आईवडील दुसऱ्याच्या रानात कांदे काढायला जात आणि त्या मजुरीवर मी मंचरच्या कॉलेजात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी आजही ताठ मानेनं सांगते.

ठकूआत्या वडिलांची थोरली बहीण. जमीन तिच्या नावावर, म्हणून घरात शब्दही तिचाच. नवी वस्तू घरात आली की ती उलटी करून बघायची, वास घ्यायची आणि विचारायची, "ह्यातनं काय काढून घेतलंय?" पिशवीतल्या दुधाला तिनं कधी तोंड लावलं नाही. साय आधीच कुणीतरी खाल्लेली असते म्हणायची.

मग कालवा आला. पाणी सोडणारा पाटकरी बांधावर येऊन म्हणाला, "आत्याबाई, पाण्याची पाळी तुमची. दारं धरा, वाफ्यात पाणी घ्या."

"कुठलं पाणी?"

"धरणाचं. वीजघरातनं येतंय."

"म्हंजी इज काढून घेतल्यालं? नको राव. लोणी काढल्यावर ताकात काय ऱ्हातं? निकस पाण्यानं रान मरंल माझं."

"आवो, फुकटचं ताक कुणी सोडतं व्हय?"

"मंग तूच पी."

ती पाळी गेली. कांद्याची रोपं पिवळी पडू लागली. पुढची पाळी हुकली असती तर वर्ष गेलं असतं आणि माझं कॉलेजही. वडील तिच्यापुढं बोलेनात, म्हणून मीच बसले समजवायला. म्हटलं, कोळशाची वीज जाळून होते, तिची राख कुणाच्या तरी रानावर पडते, धूर छातीत जातो. पाण्याचं तसं नाही. पाणी वरून पडतं, चाकाला ढकलतं आणि पुढं जातं. "म्हशीनं दाराला ढुसणी दिली म्हणून तिचं दूध आटतं का?"

"आटतं," आत्या म्हणाली. "बुजली तर पान्हा चोरती."

पण दुसऱ्या दिवशी तिनं मेथीचे दोन वाफे केले. एकाला आटत आलेल्या विहिरीचं पाणी, दुसऱ्याला शेजारच्या चारीतून घागरीनं आणलेलं कालव्याचं. भोवती काट्या रोवल्या. मलाही जवळ फिरकू देईना. दोन्हीकडं मेथी जोमानं उठली, कालव्याची तर बोटभर उंच. आत्यानं माझ्याकडं रोखून बघितलं.

"खरं सांग पोरी, गुपचूप खत टाकलंस न्हवं?"

"नाही गं आत्या."

तिनं दोन्हीकडची पानं चुरगळली, हुंगली, चावून बघितली.

"पाण्यातनं कायबी न्हाई काढलं," ती म्हणाली. मी खूश. तिनं वर डोंगराकडं, धरणाच्या दिशेनं बघितलं. "मंग इजेपायी काढलं ते आमालाच म्हनायचं."

तिचं घर त्या पाण्याच्या तळाशी होतं. थोड्या वेळानं तिनं वडिलांना हाक मारली, "बाळू, दारं धर."

पुढं काही वर्षांनी नातलगांच्या लग्नाला वरच्या पठारावर गेलो, तर तिथं पवनचक्कीसाठी वारा मोजायला माणसं आलेली. आत्या काठी टेकत त्यांच्यापुढं उभी.

"पावणं, वाऱ्यातनं काय काढनार?"

"काही नाही आजी. धूर नाही, राख नाही."

"ते ऱ्हाऊ द्या. कुणाला काढनार?"

"इथं कोण राहतंय आजी? माळच आहे हा."

"मंग ही मेंढरं काय वाऱ्यानं आली?" आत्यानं काठीनं पलीकडं चरणारा कळप दाखवला.

माणसं हसली. आत्या हसली नाही. परतताना एसटीतही ती खिडकीतून त्यांच्याकडंच बघत होती.

आत्या वारली तेव्हा रानात कांदा काढणीला आला होता. त्याच पाण्यावरचा. पुन्हा आम्हाला कुणी हलवलं नाही. तोवर आईवडील दुसऱ्याच्या रानात जायचे थांबले होते आणि मी बी.एस्सी. झाले होते.