डाव्या दाराचा लाईट

कोणतीही गाडी समोर आली की मिस्त्री आधी दाराला हात लावायचा. उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडून आत छताकडे बघायचा. मग म्हणायचा, "फ्यूज, बटन, न्हायतर मालक. तिन्हीतलं एक गेलेलं असतंय."

माझ्या गाडीत मालक गेला होता. आतला लाईट लागत नाही म्हणून मी इंदापुरात त्याच्या शेडवर गेलो, तर त्याने छतावरची कळ एका बोटाने सरकवली. लख्ख उजेड!

"सर, पोरांना काय शिकवता?"

"इतिहास."

"तरीच."

हे मी घरी सांगायला नको होतं. बायको अजून पाहुण्यांना ऐकवते.

पुढे त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. माझी शाळा बारामतीत, त्याचं डायलिसिसही बारामतीत. सोमवार-गुरुवार तो माझ्या शेजारी बसून येऊ लागला. आईला मात्र सांगायचा, पार्ट आणायला जातो.

"सांगून टाका की, मिस्त्री."

"न्हाय सर. कळलं तर सोताची किडनी द्यायला निघंल. सत्तरीची हाय. टेबलावरच जाईल."

एरवी प्रत्येक वाक्याला हसणारा माणूस. हे बोलताना हसला नाही.

थंडीत परत येईपर्यंत अंधारायचं. म्हातारी उंबऱ्यावर बसलेली असायची. एकदा त्याने दार उघडताच आतला उजेड त्याच्या तोंडावर पडला. सुजलेलं, राखेच्या रंगाचं तोंड.

"तोंड का रं असं?"

"ऊन लागलं, आये."

ऐन थंडीत!

पुढच्या खेपेपासून डावं दार उघडलं की लाईट लागेना. बाकीच्या दारांनी लागायचा. "बटन गंजलंय. ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. एवढा कारागीर आणि एक बटन होईना? मी चिडवलंसुद्धा, "मिस्त्री, हात गेला तुमचा."

"व्हय," एवढंच म्हणाला.

मला वाटलं, थकलाय बिचारा. आपणच करून घेऊ, खूश होईल. मधल्या सुट्टीत बारामतीतल्या एका वायरमनकडे गाडी नेली. तो म्हणाला, "गंज कुठाय? वायर कापलीया कुणीतरी. वर टेप बघा किती साफ गुंडाळलाय."

मी म्हणालो, "जोडून टाका."

शेकडो वर्षांपूर्वीच्या लढायांची कारणं मी पोरांना पाठ करून घेतो. शेजारच्या सीटवरची एक कळली नाही.

त्या संध्याकाळी घरासमोर त्याने दार उघडलं आणि लाईट लागला. हातावरची डायलिसिसची पट्टी सैल होऊन बाहीवर रक्त उतरलं होतं. त्याने झटकन कळ बंद केली, पण म्हातारी उठून गाडीपाशी आली होती. तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "जोडली व्हय, सर?"

रात्रीतून तिने त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं. गुरुवारी त्याच्याआधी म्हातारीच गाडीत मागे येऊन बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत एक लुगडं आणि आधार कार्ड. तो ओरडला, हात जोडले, शेवटी पुढच्या सीटवर बसला.

तो जाऊन आता दुसरं वर्ष. शेड उतरवली, तिथं रसवंती झालीय. पण मला राहून राहून आठवतो तो गुरुवार. डॉक्टरांनी म्हातारीचं वय विचारलं, साखर तपासली आणि नाही म्हणून मान हलवली. परतताना लासुर्णं गाव मागे पडलं. मग मागून आवाज आला, "मास्तर, येवढ्या अंगात कामाचं कायबी न्हाय म्हणत्यात."

तो वळला नाही. रस्त्याकडे बघत त्याने फक्त हात मागे नेला. तिने तो पट्टीसकट धरला.