टरबूज, रम आणि अर्धी चिमूट

यवतमाळच्या कुंदाताईंचा हात नैवेद्याच्या स्वयंपाकाला बसलेला. देवाआधी चव घ्यायची नाही, म्हणून पुरणाचा गूळ असो की कढीचं मीठ, सगळं नुसत्या वासावर ठरायचं आणि कधी चुकायचं नाही. तोच हात पुढे रमला लागणार आहे असं कोणी म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं.

रम त्यांच्या यजमानांची, नरहररावांची. जिल्हा परिषदेत सगळी नोकरी काढलेला हा सरळमार्गी माणूस वर्षातून एकदाच, वैशाखात, बाटली उघडायचा. बाभुळगावचे त्यांचे शाळासोबती वामनराव नदीच्या पात्रातलं टरबूज घेऊन यायचे. टरबुजाचा रस, लिंबू, पुदिना, काळं मीठ, बर्फ आणि बेताची रम. हा सगळा घाट नरहरराव स्वतः घालायचे. कुंदाताई आत भजी तळत ऐकायच्या. पहिला घोट झाला की वामनराव म्हणणार, मीठ कमी आहे. नरहरराव म्हणणार, कमी नाही, तुझी जीभ खारट झाली. मग जे भांडण जुंपायचं, त्यातूनच गप्पांना तोंड फुटायचं, ते थेट दिवेलागणीपर्यंत. मीठ खरंच कमी असायचं. कुंदाताईंना ते आत बसून वासावरच कळायचं, पण नवऱ्याच्या त्या एकुलत्या एका पाककृतीत त्यांनी कधी नाक खुपसलं नाही.

नरहरराव दिवाळीत गेले. त्याच वर्षी दुबार पेरणी करूनही बाभुळगावात वामनरावांसकट सगळ्यांच्या हाती कापसाच्या नुसत्या वाळक्या पऱ्हाट्या आल्या. उन्हाळ्यात वामनरावांच्या पत्नीचा, विमलताईंचा फोन आला.

"वहिनी, हे कोनाशीच बोलून नाही राह्यले. मले भेव लागते."

असं भेव वाटायला त्या वर्षांत गावोगाव कारणं होती. कुंदाताई धीराचे शब्द शोधत बसल्या नाहीत. वैशाख लागला, भाऊजींना टरबूज घेऊन यायला सांगा, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

वहिनींनी मागितलेलं टरबूज, नाही कसं म्हणणार? वामनराव आले, सोबत विमलताई. मित्राच्या फोटोला नमस्कार करून खुर्चीत बसले ते मुक्यानेच.

कुंदाताईंनी पदर खोचला आणि पुस्तकांमागची बाटली काढली. आयुष्यभर सोवळंओवळं पाळलेली ही बाई, पण काय तिची छाती! रस गाळला, लिंबू पिळलं, पुदिना चुरडून टाकला. रम ओतली, पातेल्यावर वाकून वास घेतला, आणखी चमचाभर ओतली. जमलं. मग काळ्या मिठाची चिमूट उचलली. अगदी बरोबर होती. त्यांनी त्यातली अर्धी बरणीत परत टाकली. मुद्दाम बिघडवायची त्यांची ही पहिलीच वेळ.

वामनरावांनी घोट घेतला आणि पेल्याकडे पाहिलं.

"वहिनी," ते म्हणाले, "मीठ कमी हाय."

"कमी नाही भाऊजी. तुमची जीभ खारट झाली."

वामनराव रडले. चांगले हुंदके देऊन रडले, आणि मग बोलायला लागले. नरहरबद्दल, वावराबद्दल, रात्री डोक्यात काय काय येतं त्याबद्दल. दिवे लागले तरी थांबेनात.

विमलताई डोळे पुसत आत आल्या आणि मिठाची बरणी घेऊन निघाल्या. कुंदाताईंनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षीही एवढंच घालायचं आहे."