शेहेचाळीस किलोची पोरगी घेऊन राजूर ते अंकुशनगर

जूनच्या तोंडावर लोक थंड हवेच्या ठिकाणाहून परत येतात. आम्ही त्याच सुमारास भर उन्हात, एसटीनं, एका पोरीचं वजन सांभाळत प्रवासाला निघालो. पोरगी म्हणजे माझी भाची, दादाची लेक प्रज्ञा. वय तेरा, गाव राजूर, कुस्ती खेळते. अंकुशनगरकडच्या एका शाळेत मॅट आहे, वसतिगृह आहे, वस्ताद आहेत आणि शेहेचाळीस किलोच्या गटात जागा रिकामी आहे, एवढं कानावर आलं आणि माझ्या दादानं चाचणीच्या आधीच जुन्या शाळेतून तिचा दाखला काढून आणला.

"अरे, त्यांनी नाही घेतलं तर?" मी विचारलं.

"घेतेत. न घ्यायला काय झालं?" दादाचं राजूरला मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. त्याच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट एकदा सुरू झाली की चालतेच.

मी जालन्याला राहते. आदल्या दिवशीच राजूरला गेल्ते. सकाळी आधी पिठाच्या गिरणीत जाऊन प्रज्ञाला काट्यावर उभं केलं. पंचेचाळीस किलो तीनशे. दादाचा चेहरा असा खुलला की गिरणीवाल्यानं विचारलं, पोरगी पास झाली का? मग दादानं सगळ्यांना बजावलं, "चार वाजता वजन हाय. तोवर हिला काही चारायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

राजूरहून जालन्याला तासाभरात पोचता येतं. महिलांना अर्धं तिकीट, त्यामुळे वहिनी, प्रज्ञा आणि मी मिळून दीड माणसाच्या भाड्यात. खिडकी डाव्या बाजूची धरा, सकाळचं ऊन उजवीकडं असतं असं मी ठणकावून सांगितलं आणि आम्ही सगळे उन्हात बसलो. माझ्या या ब्लॉगवर विसंबून निघणाऱ्यांनी एवढी नोंद घ्यावी.

जालना स्टँडवर दादा चौकशीच्या खिडकीकडे गेला. मी प्रज्ञाला हळूच मोसंबीच्या रसाच्या गाड्यावर नेलं. जालन्यात येऊन मोसंबीचा रस प्यायचा नाही म्हणजे काय? आणि रसानं कुठं वजन वाढतं? शेजारी कचोऱ्या तळत होते. एकच घेतली. अर्धी मी खाल्ली, म्हणजे तशी इच्छा होती.

अंबडच्या बसमध्ये मला डुलकी लागली. अंबडला उतरून पुढं काळीपिवळीत बसलो. एसटीची वाट पाहत बसू नका, काळीपिवळी भरली की निघते, आणि भरली म्हणजे किती हे ड्रायव्हर ठरवतो. रस्ता दोन्हीकडं उसाचा. कारखान्याचा हंगाम संपलेला, त्यामुळे चिमणी गप्प आणि रस्ता मोकळा.

शाळेच्या मैदानावर पाहते तर काय, आमच्यासारखी पंधरा-वीस कुटुंबं झाडाखाली पसरलेली! प्रत्येकाकडे पिशवी, पिशवीत दाखला. नाव-गाव राहिलं बाजूला, पहिला प्रश्न एकच: "तुमची किती किलो?" स्थळ पाहायला आल्यासारखी सगळी एकमेकांच्या लेकींना डोळ्यांनी तोलत होती. एका बापानं अभिमानानं सांगितलं, "ही आमची तिसरी शाळा." पोरगी सातवीत होती.

आमच्या शेजारी सानियाची अम्मी बसली होती. सानिया दोन वर्षांपूर्वी परतूरकडून इथं आली, आता पन्नास किलोला शाळेकडून खेळते. अम्मी दर महिन्याला भेटायला येते. बाई भलती मायाळू. डबा उघडून म्हणाली, "शेंगदाण्याचे लाडू हैत घरचे. घे बेटा, कुस्तीवाली पोरगी अशी भुकी बसती का?" आम्ही तिघं हां-हां करेपर्यंत प्रज्ञानं दोन लाडू संपवले.

चार वाजता काटा. शेहेचाळीस किलो चारशे.

"हे कसं झालं?" दादा ओरडला. मग एकेक बाहेर आलं. मी रस आणि कचोरी कबूल केली. वहिनीनं बसमध्ये, मी झोपल्यावर आणि दादा पुढच्या सीटवर असताना, दोन धपाटे दह्याबरोबर भरवले होते. आणि दादा? ज्यानं बंदी घातली तो? त्यानं अंबडला लस्सी पाजली होती. "ऊन लागंल म्हणून," तो जमिनीकडं बघत म्हणाला.

"तुला कळत न्हवतं का गं?" मी प्रज्ञाला विचारलं.

"तुम्ही तिघंबी म्हणले, कुणाला सांगू नको. मंग मी कुणाला सांगितलं न्हाई."

वहिनी पिशवीतून स्वेटर काढायला लागली. पोरीला पळवून घाम काढायचा बेत. वस्तादांनी तिथंच थांबवलं. "वाढत्या अंगाच्या पोरीला माझ्याकडं कुणी वाळवत न्हाई. वर गेली ना? मंग पन्नासला लढंल. एका वजनात शाळेची एकच पोरगी जाते. सानियाला हरवलं तर जागा हिची, न्हाई तर दाखला घेऊन जल्दी माघारी."

जुन्या शाळेत कोणत्या तोंडानं जायचं हे दादाच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मला हसू यायचं बंद झालं.

सानिया अंगानं भारी. पहिल्या फेरीत तिनं प्रज्ञाला दोनदा खाली आणलं. दुसऱ्या फेरीत प्रज्ञानं तिचा पाय असा धरला की सोडलाच नाही. सानिया पाठीवर, शिट्टी, आणि आम्ही तिघं वेड्यासारखे ओरडतोय. मी तर एका अनोळखी माणसाला मिठीच मारली!

वळून पाहिलं तर अम्मी डब्याचं झाकण लावत होती. झाकण काही बसेना.

"आता?" मी विचारलं. शरम वाटली विचारताना.

"आता दुसरी शाळा देखनी," ती म्हणाली. "बसून राहून काय करती पोरगी?"

दादा पुढं आला. सकाळपासून ज्या शाळेला नावं ठेवली तिचाच तो गुण गायला लागला. "राजूरला बघा की. माती हाय, मॅट न्हाई, पण मास्तर चांगले. आणि मोठ्या वजनाला तिथं कुणीच न्हाई. तालुक्याला बराबर खेळंल." मग थांबून म्हणाला, "जागा आत्ताच रिकामी झाली."

प्रज्ञाला वसतिगृहात सोडून आम्ही परतलो. दीड माणसाच्या भाड्याचा विनोद कुणी केला नाही, आता आम्ही दोघीच होतो. जालन्याला मी उतरले, दादा-वहिनी पुढं गेले. घरी येऊन मी फोटो चाळले तर अर्धे खाण्याचे आणि प्रज्ञाचा एकही धड नाही. मला फार वाईट वाटलं.

आठ दिवसांनी वहिनीचा फोन. सानिया आणि तिची अम्मी शाळा पाहायला राजूरला आल्त्या म्हणे, दाखला घेऊनच.

"मंग घरी जेवायला आणलं," वहिनी म्हणाली. "पोरीनं चार भाकरी खाल्ल्या, ताई. मी वाढतच राह्यले. तिची आई म्हणली, बस करा, वजन वाढंल. म्हणलं, वाढू द्या. आठ दिवसांनी कुणीतरी माझ्या घरात मागून खाल्लं."