परळच्या बंगल्यातली चितळं

संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत मी परळला एका शेटच्या बंगल्यात चितळं सांभाळायचो. शेटकडे सरकारी परवाना होता. दर महिन्याला ढोरांचे सरकारी डॉक्टर यायचे. पाडस जन्मलं तरी कळवायचं, मेलं तरी कळवायचं. ते सांगायचे, गुरांचा चारा हरणांना घालू नकोस, रोग लागेल. मी दोन बुकं शिकलेला, पण रान पाहिलेला माणूस. रानातल्या जनावराला गोठ्यातला रोग कसला लागतो, असं मला वाटायचं. मान हलवायची आणि आपलंच खरं करायचं, ही माझी जुनी खोड.

एकदा हरताळ लांबला. शीवच्या वखारीतून गवताची गाडी आली नाही. जनावरं उपाशी. मी शेजारच्या तबेल्यातून म्हशींच्या गव्हाणीत उरलेली वैरण आणली. तिथल्या दोन म्हशी लाळ गाळत होत्या, ते मी पाहिलं होतं.

आठवड्यात थोरली मादी लंगडायला लागली. तोंडाला फेस, खुरांत जखमा. डॉक्टर आले नि म्हणाले, लाळ-खुरकूत. चारा कुठला, म्हणून विचारलं. मी म्हटलं, नेहमीचाच, वखारीतला. त्यांनी तसं लिहून घेतलं. फाटकाला सरकारी सील लागलं. आत मी आणि हरणं. जेवणाचा डबा भिंतीवरून यायचा.

निरोगी माद्या आणि पाडसं त्यांनी मागच्या कुंपणात हलवायला सांगितली. तबेल्यातली उरलेली वैरण मी तिथेच रचली होती. तेव्हा तरी बोलायचं. पण नाही. मी ती उचलून बाहेर फेकली आणि जमीन झाडली.

बाहेरून मोर्चे जायचे. लालबागच्या खोलीतला माझा गाववाला एकदा भिंतीपलीकडून ओरडला, "अरे भायर ये. सगळे चौपाटीर चल्ले, आणि तू हरणां राखीत बसलंस?" बायको गावी होती. पोटॅशच्या पाण्यानं खुरं धुवायची, हात धुवायचे, पुन्हा खुरं धुवायची. माणसाशी बोलायचं म्हणजे डॉक्टरांशीच, तेही खोटं.

माद्या सावरल्या. पाडसं गेली, तिन्ही.

मग डॉक्टरांनी सांगितलं, वखारवाल्याचं गवत बंद करायचा हुकूम निघतोय. तो म्हातारा घाटी माणूस, त्याच्यापाशी काही पाप नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, चारा तबेल्यातला होता. मी आणला."

त्यांनी आधी लिहिलेला जबाब खोडला. "पहिल्या दिवशी बोलला असतास तर मी मागचं कुंपण वापरलंच नसतं."

जबाब लिहून दिला. परवाना रद्द झाला. जनावरं पुरती बरी झाल्यावर सरकारी प्राणिबागेत न्यायचं ठरलं. मी म्हटलं, मला पण न्या, लेंड्या काढीन. डॉक्टर म्हणाले, तिथे त्यांची माणसं आहेत.

न्यायच्या दिवशी ट्रक फाटकाला लावला. बागेची माणसं दुपारपर्यंत दोऱ्या घेऊन धावत होती, एकही मादी पिंजऱ्यात शिरेना. शेवटी डॉक्टरांनी मला बोलावलं. मी पिंजऱ्यात जाऊन उभा राहिलो आणि रोजच्यासारखी जीभ टाळूला लावून हाक दिली. थोरली आधी आली, तिच्यामागून बाकीच्या. तिनं माझ्या हाताला नाक लावून बघितलं, चारा आहे का म्हणून.

मी बाजूच्या फटीतून बाहेर आलो आणि खिट्टी घातली.