शपथेत नव्हती ती भाषा

नवऱ्याचं नाव घेऊ नाही म्हंतात. मी घेते. उत्तमसिंग. पस्तीस वर्सं त्याच्या भाकरी थापल्या, तेवढा तं हक्क हाय माहा. आमचा तांडा महागावपासून दीड कोसावर. उत्तमसिंग म्हंजे मनानं सोनं, पन अकड अशी का सुंभ जळल पन पीळ नाही जानार.

नऊ वर्सांआधी पोळ्याले याच्या लहान भावानं, भारतनं, आपली बैलजोडी याच्या जोडीच्या पुढं तोरनाखालून काढली. बैल बिचारे निवांत चालले होते, मानपान सारा या दोघायचा. उत्तमसिंगनं तांड्याच्या नायकापुढं, देवीलालपुढं, शपथ घेतली का भारतशी गोरमाटीत बोलनार नाही. गोरमाटी म्हंजे आमची घरची बोली. कोनीतरी खिदळलं, मंग मराठीत बोल. हा म्हने, मराठीत बी नाही, हिंदीत बी नाही. भारतनं बी तीच शपथ उचलली, शब्दाले शब्द.

तवापासून मी मंधात. धाकट्याची बायको जेठासमोर तोंड उघडत नाही, अन् भावजयीची दिराशी थट्टा चालते, म्हून निरोप्याचं काम माह्या गळ्यात. दोघं एकाच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभे, अन् हा मले सांगे, त्याले सांग बैल कपाशीत शिरले. मी सांगेपर्यंत बैल अर्धा तास खाऊन मोकळे.

खरा मार बसला तो भारतले. त्याले लेकरू नाही. आमचा इंद्रजीत त्याच्याच अंगाखांद्यावर वाढला, जेवाले तिकडंच, निजाले बी तिकडंच. शपथ झाली तवा पोट्टं सोळा वर्साचं होतं. उत्तमसिंगनं त्याचं काकाकडं जानंच बंद केलं. मी तवा बोलाले पाहिजे होतं. नाही बोलली.

मंग इंद्रजीत इटलीले गेला. शिकला-सवरला, सात समुद्र ओलांडले, अन् गाईचा गोठा झाडाले लागला. शेन इथं काय कमी होतं बाप्पा? तिथलीच पोरगी पसंत केली. लग्न तांड्यात करीन म्हने, पन मांडवात काका पाहिजे, नाही तं इकडंच उरकतो. आता भारत काही आमंत्रनाबिगर येनार नाही, अन् ते आमंत्रन मोठ्या भावानं सोता तोंडानं द्याचं असते, बायकोच्या हाती धाडलेलं चालत नाही. झालं, अडलं घोडं.

महागावात रजनीबाई राह्यतात, पोस्टातून रिटायर झालेल्या. त्यायची पोरगी मिताली बी इटलीतच हाय, तिच्याकडं राहून बाई इटालियन शिकल्या. भाषा पुस्तकानं येत नाही, गप्पा मारून येते, असं त्यायचं म्हननं. म्हून दर रविवारी सकाळी अंगनात खुर्च्या मांडतात, सात-आठ जनायले समोरासमोर बसवतात, अन् तासभर इटालियनच बोलाचं. उत्तमसिंगले व्याह्याशी बोलाचं होतं, तो गेला, सोबत मी. पाह्यलं तं कोपऱ्यात भारत बसून. सुनेशी चार शब्द बोलता याव म्हून तो महिन्याआधीपासूनच येऊन राह्यलता.

रजनीबाईले आमचं रामायन काय माहीत? त्यायनं नेमकं दोघायले समोरासमोर बसवलं अन् म्हनल्या, इचारा एकमेकाले. भारत छपराकडं पाहून म्हने, "कोमे ती क्यामी?" म्हंजे तुहं नाव काय. सख्ख्या लहान भावानं नाव इचारलं. उत्तमसिंग लालेलाल झाला, पन सारे पाहून राह्यलते, म्हून सांगितलं नाव. नऊ वर्सांतला पहिला शब्द, अन् तो बी सोताचंच नाव.

घरी येता येता याले घाम फुटला, शपथ मोडली का काय. तसाच देवीलालकडं गेला. देवीलाल मोठा बेरकी मानूस. म्हने, मी सोता ऐकली होती शपथ, तिच्यात इटालियन नव्हतं.

मंग काय इचारता. आज ऊन हाय. गाय चांगली हाय. मी सकाळी पाव खातो. यायच्या बापजन्मी कोनी सकाळी पाव खाल्ला नाही, पन रविवारामांगं रविवार एकमेकाले सांगून राह्यले. धुऱ्यावरून एक वरडे "ब्वॉन्जोर्नो", म्हंजे राम राम, पल्याडून दुसरा वरडे "ब्वॉन्जोर्नो", अन् वेचनीच्या बाया कापूस सोडून पाहत राहत. आमंत्रनाचं मी काढलं का उत्तमसिंग म्हने, तो धडा अजून आला नाही. असा राग ये मले, लाटनंच हानाव वाटे.

लग्न वीस दिवसांवर आलं. त्या रविवारी रजनीबाईनं घरून फोटो आनाले लावले होते, फोटोत कोन हाय ते सांगाचं. भारतनं खिशातून काढला तो इंद्रजीतचा. चार वर्साचा, काकाच्या खांद्यावर, दोन्ही मुठीत काकाचे केस.

"मीओ फील्यो," भारत म्हनला. माहा पोरगा.

उत्तमसिंगनं छातीवर हात आपटला. म्हने, "मीओ." भारत म्हने, "मीओ." असं तीन-चार बार झालं. रजनीबाईले वाटलं उच्चार पक्का करून राह्यले, त्या शाबासकी देऊन राह्यल्या. मी मनात म्हनलं, आता खुर्च्या उडतात.

उत्तमसिंगनं फोटो हातात घेतला. लय वेळ पाह्यला. मंग म्हने, "नोस्त्रो." म्हंजे आपला. अन् तिथंच त्याची इटालियन सरली. पुढचं साऱ्यायसमोर गोरमाटीत बोलला, "मांडवात त्याच्यापाशी तूच उभा राहजो, भाऊ. मी त्याले तुह्यापासून तोडलं. चुकलं माहं."

रडली मी, खोटं काहून सांगू. भारतनं फोटो वापस घेतला, खिशात ठेवला, अन् गोरमाटीतच इचारलं, "लग्न कवा हाय?"

तारीख साऱ्या तांड्याले पाठ होती. त्याले बी होती, मीच चार बार सांगितलती. उत्तमसिंगनं वारासकट परत सांगितली, अन् भारतनं पहिल्यांदाच कानावर पडल्यासारखी ऐकून घेतली.