ट्रकभर रेतीचं वाळवंट

"शर्ट काढ. बनियनही. आणि ही राख अंगाला फास," साहेब म्हणाले.

पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर २ मध्ये, आमच्या मराठी मंडळाचा गणपती होता. देखावा ठरला होता, 'वाळवंटातून पोलादनगरी'. साहेब नागपूरचे, मोजणीचे मोठे अधिकारी. मी त्यांच्या हाताखालचा खलाशी, जमिनीवर मोजणीची साखळी ओढणारा. पोलाद म्हणून अधिकाऱ्यांची मुलं होती, चंदेरी कागदाच्या टोप्या घातलेली. वाळवंट म्हणून मी एकटा.

"याला रंगवायची गरजच नाही," साहेबांच्या बाईसाहेब म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

स्टेजवर रेती पसरली होती. आमच्या गावात रेती नाही. काळी माती आहे, लाल मुरूम आहे. वाळवंट दाखवायला शिवनाथ नदीतून ट्रकभर रेती आणावी लागली. तो ट्रक मीच खाली केला, दुपारभर, फावड्यानं. तेव्हाही डोक्यात काही पेटलं नाही. साहेबांनी सांगितलं, केलं.

आमचं गाव कुम्हारीच्या रस्त्यावर. आजा तिरोड्याकडून इथं आला आणि जमीन केली. काळी जमीन कारखान्यात गेली. उरली ती भाठ्याची, उंचावरची, मुरमाड. तिची रीत वेगळी. एक वर्ष कोदोचं भरड धान्य पेरायचं, मग दोन वर्षं तिला विसावा द्यायचा, नांगर लावायचा नाही. त्या दोन वर्षांत गावाची गुरं तिथं चरतात, बाया चरोट्याची भाजी खुडतात. साहेबांनी ती पाहिली भर वैशाखात, तीही विसाव्याच्या वर्षात. बुटाच्या टोकानं मुरूम उकरला. म्हणाले, "मेलेली जमीन. बांधकामाचा मलबा इथंच टाकू."

बाबा शेजारी उभे होते. "साहेब, ते निजून राहिली. निजलेल्याले मेला कावून म्हनता?"

साहेब माझ्याकडे वळले. "तुझ्या बापाला बाजूला घे."

मी घेतलं. दंडाला धरून. माझ्याच बापाला.

पंचनामा तयार झाला. 'जमीन पडीक, कोणाच्याही उपयोगाची नाही.' पंच म्हणून गावातल्या कुणाची तरी सही हवी होती. लिहिता येणारा मी होतो. गणपती उठले की सोमवारी सही करायची, असं ठरलं होतं.

पडदा वर गेला. मी रेतीत उभा, उघडा, राखेनं माखलेला. शेवटच्या रांगेत, सतरंजीच्याही बाहेर, बाबा उकिडवे बसले होते. साहेब माइकवर वाचत होते, "इथं काही नव्हतं. पाणी नव्हतं, पीक नव्हतं, माणूस नव्हता."

माणूस नव्हता?

मग मी कोण होतो? मागे बसला होता तो कोण होता?

ठरल्याप्रमाणे आता मी त्या चंदेरी टोप्यांच्या पाया पडायचं होतं. मी वाकलो. पण मूठभर रेती उचलली आणि सरळ उभा राहिलो.

"हे रेती मी उतरवली. शिवनाथची हाये. आमच्या गावात एवढी मूठभर दाखवा, साहेब. आन् तुमच्या चहातलं दूध त्याच मेलेल्या जमिनीवर चरून येते."

"पडदा पाडा!" साहेब ओरडले.

बाहेर बाबा माझा शर्ट घेऊन थांबले होते. "नोकरी जाईन, बाबू." शाबासकी नाही, काही नाही. त्यांना भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही.

सोमवारी साहेबांनी कागद पुढे सरकवला. पेनचं टोपण स्वतः काढून दिलं. "सही कर, नाहीतर साखळी ठेव आणि चालता हो."

मी पेन घेतलं. त्यांच्या ओळीखाली माझी ओळ लिहिली. 'ही जमीन विसाव्यात आहे. पुढच्या साली कोदोची पाळी आहे.' खाली सही केली, पूर्ण नावानं. मग साखळी टेबलावर ठेवली. मोठा आवाज झाला. कचेरीत कुणी मान वर केली नाही.

घरी जाताना भाठ्यावरून गेलो. गवत गुडघ्याएवढं होतं. तिथंच ठरवलं. घरात कोदोचं बियाणं आहे. पुढच्या आखाडात नांगर मी धरणार. ज्याला मलब्याचा ट्रक आणायचा असेल त्यानं खुशाल आणावा. मी नांगराच्या तासात उभा असेन. अंगात शर्ट असेल, आणि मी वाकणार नाही.