मुक्ताबाईची फिरायची किटली

पणदऱ्याच्या मुक्ताबाईनं उभा जन्म चुलीला फुंकर घातली. शेवटी चूल पेटती राहिली आणि फुंकर संपली. मोरीपर्यंत गेलं तरी छातीचा भाता व्हायचा. अखेर नवरा हिंदुराव तिला बारामतीला दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टर म्हणाले, "आजी, छाती पहिल्यासारखी होणार नाही. पण अंगात बळ राहिलं तर आहे तो श्वास पुरेल. ही पावडर रोज दुधातून घ्या. आणि सकाळी थोडं चाला. सावकाश, रिकाम्या हातानं. ओझं उचलायचं नाही."

"मग मला इंदापूरला जाता यील?"

लेक राजलक्ष्मी तिथं दिलेली. तिचं दुसरं बाळंतपण पौषात, सासरीच व्हायचं होतं. बारशाला बाळ मांडीवर घ्यायचं, एवढंच मुक्ताबाईला हवं होतं.

"एसटीच्या पायऱ्या चढता आल्या की खुशाल जा."

पावडरीचा डबा घरात आला आणि हिंदुरावानं तो हुंगला. तरुणपणी जत्रेत कुस्त्या खेळलेला गडी. जिंकल्या किती, हे त्याला कुणी विचारत नसे. गाव मायाळू होतं. "आगं, ह्यो तर पैलवानी खुराक हाय!" नवऱ्याआधी आपण प्यायचं हे मुक्ताबाईच्या घशाखाली उतरेना, म्हणून पहिला चमचा त्याच्या पेल्यात गेला. मग विचारपूस करायला आलेल्यांना नुसता चहा कसा द्यायचा? हिंदुरावाच्या गालांवर तकाकी आली, विचारपूस करणारे वाढले, आणि मुक्ताबाईच्या वाट्याला डबा विसळलेलं दूध आलं.

चालायचं मात्र तिनं मनावर घेतलं. पण पहिल्याच सकाळी शेजारची बानूबाई ओट्यावरून ओरडली, "अक्का, हात हलवत कुठं गं निघालीस?"

बाप्या हात हलवत हिंडला तर त्याला फेरफटका म्हणतात. बाई तशी हिंडली तर घरात भांडण तरी झालेलं असतं, नाहीतर डोकं तरी फिरलेलं असतं. मुक्ताबाई लाजेनं अर्धी झाली. दुसऱ्या दिवशी तिनं हातात रिकामी किटली घेतली. "डेअरीला चाललेय," म्हणाली. गावाचं समाधान झालं.

बानूबाईचं जरा जास्तच झालं. तिनं आपली भरलेली किटली पुढं केली. "जातीयसच तर आमचं बी दूध घाल की." पुढच्या घरानं ते पाहिलं. एकीचं नेलं आणि दुसरीला नाही म्हटलं, तर जन्माचा अबोला. थोड्याच दिवसांत मुक्ताबाई दोन्ही हातांत आळीचं दूध घेऊन विजेच्या खांबाखांबाला थांबत जाऊ लागली.

"बघा, चालतीया कशी!" हिंदुराव पारावर कौतुकानं सांगायचा. "डॉक्टरचा व्यायाम हाय त्यो."

पौषात इंदापूरहून निरोप आला, मुलगा झाला. बारशाच्या आदल्या सकाळी दाट धुकं पडलं होतं. मुक्ताबाई डेअरीची पहिली पायरी चढली आणि दुसरीवर बसली. ओठ निळे पडले होते. किटल्या तिनं शेजारी नीट मांडून ठेवल्या होत्या. बानूबाई धावत आली आणि तिची नजर आधी किटलीत गेली.

"सांडलं न्हाय गं तुझं," मुक्ताबाई म्हणाली. त्यानंतर ती काही बोलली नाही.

दिवसकार्य उरकल्यावर हिंदुराव नातवाला बघायला निघाला. बाळाला काय न्यायचं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. ते सगळं मुक्ताबाई बघायची. तो हात हलवतच एसटीच्या थांब्याकडं चालला. ओट्यावर बानूबाई होती, आणखीही दोघीतिघी होत्या. कुणीतरी विचारावं म्हणून हिंदुराव जरा रेंगाळला, खाकरला.

कुठं निघालात, असं त्याला कुणीच विचारलं नाही.